सुधारण्याजोगं मूल

प्रत्येक मनुष्य पापी आहे, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. दुमत आहे ते फक्त पापाची नोंद कोणत्या रकान्यात घ्यावी याबद्दल. मुलांच्या आमच्या उन्हाळी ख्रिस्ती शिबिरानं हा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे. तो कसा काढला हे चार लोकांना कळावं, म्हणून हा लेखनप्रपंच. माझी पात्रता विचाराल, तर सलग अकरा वर्षं मी तिथं समुपदेशक आहे. (हे कागदोपत्री. मुली मला ताई म्हणतात. मी बावन्न वर्षांची आहे, पण ताईची मावशी करण्याचा ठराव अजून कोणी मांडलेला नाही.)

शिबिर सहा दिवसांचं. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका निवासी शाळेत ते भरतं. नऊ खोल्या, दर खोलीत आठ मुलं आणि एक समुपदेशक, म्हणजे सुधारण्याजोगे एकूण बहात्तर आत्मे. समुपदेशकांचा आत्मा हिशेबात धरत नाहीत. खोल्यांना सद्गुणांची नावं आहेत. 'संयम' स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे, 'विश्वास'च्या दाराला कुलूप बसत नाही, आणि 'शांती'त दरवर्षी नऊ-दहा वर्षांचे मुलगे कोंबतात. माझी खोली 'सहनशीलता'. ती संडासांच्या शेजारी आहे.

वर्षाचे बाकीचे एकावन्न आठवडे मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. या नोकरीनं मला एकच गोष्ट शिकवली, पण पक्की शिकवली. जी तक्रार नोंदलेली नाही, ती दूर करता येत नाही. नळ गळताना डोळ्यांना दिसत असतो (आमच्या कार्यालयातलाच गळतो), पण अर्ज आल्याशिवाय त्याला गळती म्हणता येत नाही. शिबिराचं कामकाज नेमकं याच तत्त्वावर चालतं, त्यामुळे मला तिथं पहिल्या दिवसापासून माहेरी आल्यासारखं वाटलं.

दर मुलामागे तीन नमुने भरायचे असतात. नमुना 'क' पहिल्या दिवशी: मूल आलं तेव्हा कसं होतं. नमुना 'ख' तिसऱ्या दिवशी: बदलाची चिन्हं (उदाहरणार्थ रडणं, गप्प होणं, सांगितल्याशिवाय ताट धुणं). नमुना 'ग' शेवटच्या दिवशी: साक्ष. 'क' आणि 'ग' यांच्यात जो फरक पडेल, ते समुपदेशकाचं काम. आता सहा दिवसांत 'ग' वर नेणं फार कठीण, पण 'क' खाली आणणं आपल्या हातात असतं, हे अनुभवानं कळतं. शेजारच्या 'चांगुलपणा' खोलीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई यात तरबेज आहेत. त्यांच्याकडे आलेली मुलं कागदावर इतकी वाया गेलेली असतात, की पहिल्या दिवशी मी माझ्या मुलींच्या चपला आत घेते. सहाव्या दिवशी तीच मुलं देवदूत होऊन घरी जातात आणि प्रगतीची ढाल डॉक्टरीणबाईंकडे जाते. "चांगल्या दातात मी भरणार तरी काय?" असं त्या म्हणतात. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहे.

साक्ष पालकांसमोर होते, शेकोटीभोवती, दुपारी चार वाजता. (पूर्वी शेकोटी खरी असायची. एका वर्षी सभागृहाच्या पडद्यानं पेट घेतला. आता लाकडांच्या ढिगात लाल कागदाच्या पट्ट्या खोचतात आणि खाली टेबलफॅन लावतात. वीज गेली की पश्चात्ताप तहकूब.) साक्षीचा मसुदा ठरलेला आहे: "पूर्वी मी अमुक करत असे, आता मी अमुक करणार नाही." वेळ पंचेचाळीस सेकंद, रडू आल्यास दहा सेकंद वाढवून मिळतात. गेल्या वर्षीच्या बहात्तर साक्षींपैकी आईचं न ऐकण्याच्या एकेचाळीस, भावंडाला मारण्याच्या एकोणीस, खोटं बोलण्याच्या अकरा आणि इतर एक. ('इतर'मध्ये एका मुलानं इथं आल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. पश्चात्ताप तो पश्चात्तापच, म्हणून धरला.)

एखादं मूल साक्ष न देता परत गेलं, तर त्याला 'प्रलंबित' म्हणतात. ज्या समुपदेशकाकडे मूल प्रलंबित राहतं, त्याची खोली पुढच्या वर्षी काढून घेतात आणि त्याची रवानगी भांडी-देखरेख समितीत होते. ऐकायला हे काही फार मोठं वाटत नाही, मला ठाऊक आहे. पण एकावन्न आठवडे माझ्या खिडकीवर माणसं येतात ती ओरडायलाच येतात. एकच आठवडा असा असतो, की आठ मुली "ताई, ताई" करत धावत येतात, माझ्या पिकल्या केसांच्या वेण्या घालतात आणि कोणी कोणाच्या उशीला पाय लावला याचा न्याय मागतात. त्या एका आठवड्यावर मी वर्ष ढकलते. भांड्यांकडे बघून नाही हो वर्ष ढकललं जात.

आणि यंदा माझ्या खोलीत टाचणी आली.

दहा वर्षांची, अंगानं किडकिडीत, मान ताठ. पहिल्या तासातच मुलींनी तिचं हे नाव पाडलं आणि तिनं ते तक्रार न करता घेतलं. तिची आई परिचारिका. मी नमुना 'क' काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि नेहमीप्रमाणे सोप्या पापापासून सुरुवात केली.

"आईचं ऐकत नाहीस ना?"

"ऐकते की. ती दवाखान्यातून दमून येते."

"धाकट्या भावाला मारतेस?"

"ताई, तो तीन महिन्यांचा आहे."

"बरं, खोटं? खोटं तर बोलली असशील!"

टाचणी विचारात पडली. मला जरा हुरूप आला. "एकदा," ती म्हणाली. "आजीनं विचारलं, मी फार म्हातारी दिसते का गं. मी नाही म्हणाले."

मी लिहायला घेतलं.

"पण मग मला झोप येईना. म्हणून उठून सांगून टाकलं, की दिसतेस."

मी खोडलं. शिबिराच्या कागदावर खाडाखोड चालत नाही, त्यामुळे नवा नमुना घ्यावा लागला.

पुढचे दोन दिवस मी त्या पोरीवर पाळत ठेवली. रांगेत ती घुसली नाही. वचनं पाठ नसली तर पाठ नाहीत म्हणाली. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवलेस का, असं विचारल्यावर हो म्हणाली, आणि ते मला कसं दिसलं, हे तिनं विचारलं नाही. पाळकसाहेबांनी कौतुकानं विचारलं, "काय बाळ, प्रवचन आवडलं?" ती म्हणाली, "पहिलं अर्धं." साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा उद्धटपणा धरा. मी आनंदानं धरला. जेवणानंतर ते स्वतःच येऊन म्हणाले, राहू द्या, काढून टाका. प्रवचनाबद्दल त्यांच्या पत्नीचंही तेच मत पडलं होतं.

चौथ्या दिवशी शिबिरप्रमुखबाईंनी मला बोलावलं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. प्रार्थनेतही त्यांच्या गळ्यात शिट्टी असते. समोर माझे सात नमुने भरलेले होते आणि आठवा कोरा.

"हे काय?"

"बाई, मुलीत दोष सापडत नाही."

"म्हणजे तुम्ही नीट शोधलेला नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "असं मूल निघालं, तर आपण इथं सहा दिवस करतोय काय? परवापर्यंत साक्ष झाली पाहिजे. नाहीतर भांड्यांकडे माणसं कमीच आहेत."

बाईंचं म्हणणं बिनतोड होतं. मी खोलीवर आले आणि टाचणीपुढे उपलब्ध पापं मांडली, कापड दुकानात ठाण उलगडतात तशी. आळस घे, आळस सगळ्यांना शोभतो. मत्सर घे, तो बाहेरून दिसत नाही, कोणी तपासणार नाही. हावरटपणा नको, तुझ्या अंगावर तो पटणार नाही. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "पण ताई, ते खोटं होईल ना?"

"अगं, थोडंसंच. बाकीचं खरं."

"बाकीचं म्हणजे कोणतं?"

मग पाचव्या दिवशी मी जे करायला नको होतं ते केलं. तिला व्हरांड्यात बसवलं आणि सगळं सांगितलं: प्रलंबित म्हणजे काय, खोली म्हणजे काय, वेण्या कोण घालतं, एकावन्न आठवडे मी कुठं बसते. सांगता सांगता माझा आवाज बसला. (तो मी बसवला नव्हता. पण बसतोय हे कळल्यावर सावरलाही नाही.) टाचणीनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "रडू नका ताई. मी बघते काहीतरी."

सहाव्या दिवशी चार वाजता टेबलफॅन सुरू झाला. पालक ओळीनं बसले. टाचणीची आई पुढच्याच रांगेत होती, मांडीवर बाळ. टाचणी उठली, लाल कागदांच्या बाजूला उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "पूर्वी मी कोणी बघत नसताना बाळाला चिमटे काढत असे. आता मी काढणार नाही."

अकरा सेकंद लागले. उरलेले चौतीस सेकंद ती माझ्याकडे बघत उभी होती, बरोबर झालं का, अशा नजरेनं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मागच्या रांगेत दोन आज्या हुंदके देऊ लागल्या. डॉक्टरीणबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "चिमटे! मला कसं नाही सुचलं?" टाचणीच्या आईनं बाळाची बाही वर केली आणि दंड पाहिला. दंडावर डास चावल्याचा लाल डाग होता. तिनं बाळाला उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं, टाचणीच्या रिकाम्या खुर्चीपासून लांब. मग टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, पहिली टाळी माझीच होती.

फाटकापाशी मात्र माझ्यानं राहवेना. आई माझे आभार मानत होती. "बरं झालं हो ताई, कळलं तरी. घरात कधी कळलं नसतं."

"अहो, तसं काही नाहीये. ती खोटं बोलली. मीच तिच्या मागं लागले होते. माझी खोली जाणार होती हो!"

आईनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "परक्या पोरीचा दोष स्वतःवर घेताय? अशी माणसं आता राहिली नाहीत." जवळून पाळकसाहेब चालले होते, ते हे ऐकून थबकले आणि त्यांनी टोपी काढली.

पुढच्याच बैठकीत समितीनं ठराव केला, की 'सहनशीलता' खोलीच्या समुपदेशकानं त्यागाचा उच्च आदर्श घालून दिल्याबद्दल ढाल यंदा त्यांना देण्यात यावी व त्यांना मुख्य समुपदेशक नेमण्यात यावं. बैठकीत मी उठून म्हणाले, की हे सगळं खोटं आहे, दोष माझाच आहे. समितीनं हे विधान टाळ्यांच्या गजरात इतिवृत्तात घेतलं आणि 'नम्रता' असा शेरा मारला. त्यावरून नमुना 'घ' तयार झाला: 'समुपदेशकानं स्वतःवर घेतलेले दोष'. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वर्षासाठी आगाऊ तीन घेऊन ठेवले आहेत.

टाचणीनं घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशीच आईला खरं सांगितलं. तसा मला आईचा फोन आला. आवाज काळजीचा होता. "काय करावं हो ताई? साक्षीला दोन दिवस झाले नाहीत, तोवर पुन्हा खोटं बोलायला लागली."

मी दर रविवारी उपासनेनंतर त्या माउलीला गाठते आणि पुन्हा सगळं सांगते. दर रविवारी ती माझे हात धरते. बाकावर आता टाचणी एका टोकाला बसते, बाळ दुसऱ्या टोकाला, आणि मधे आई. पोरीची मान अजून ताठच आहे, पण कोणी काही विचारलं की ती हल्ली उत्तर द्यायला वेळ लावते. मला ते बघवत नाही.

ती आई आणि समिती सोडून ही हकीकत आजवर मी चौघांना सांगितली. नवऱ्याला, कार्यालयातल्या मैत्रिणीला, पाळकसाहेबांना आणि डॉक्टरीणबाईंना. चौघांनीही डोळे टिपले. चौघेही म्हणाले, एवढं कबूल करायला छाती लागते. त्या आईकडे जाऊन 'बाई, तुमची मुलगी खरं बोलते आहे' असं सांगायला मात्र एकही उठला नाही.

आता तुम्हालाही सगळं ठाऊक झालं. तुमचंही मन मघाशी माझ्याबद्दल थोडं द्रवलं असेल, तर त्याचा मला उपयोग नाही. रविवारी सकाळी साडेआठला चर्चमध्ये या. डावीकडचा तिसरा बाक. मी सांगितलं की ते माझं मोठं मन ठरतं. तुम्ही सांगून बघा. तुमच्या बाबतीत असा गैरसमज व्हायचं काही कारण दिसत नाही.