पत्रिका जुळली, रक्ताचं काय?

कापगते सरांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "आईकडून आली का बापाकडून?"

अर्जुनी मोरगावच्या आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे, मी मराठी. वय पन्नाशीच्या पुढं, घरात एकटेच. जनुकातल्या बदलाला ते छपाईची चूक म्हणत. "एवढं मोठं पुस्तक नीट छापलं, अन् एका जागी एक अक्षर बदललं. तेवढ्यानं रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. यालेच सिकलसेल म्हणते."

आमच्या भागात हा आजार बराच. त्यामुळे कुणाचंही साक्षगंध, म्हणजे साखरपुडा असो, सर हजर. हातात पोह्यांची बशी घेऊन वरपित्याला विचारायचे, "पत्रिका जुळली जी, रक्ताचं काय?" नवरानवरी दोघंही वाहक असली, म्हणजे दोघांच्याही रक्तात ती चूक लपलेली असली, तर स्वतः धडधाकट असूनही त्यांच्या प्रत्येक लेकराला चारात एक धोका असतो, हे ते जिलबीचे चार तुकडे करून समजावत. एका साक्षगंधात मुलीच्या मामानं त्यातला धोक्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "मिटला धोका. आता बसा चुपचाप."

सर बसले नाहीत. मुलगा-मुलगी दोघांना सरकारी दवाखान्यात नेऊन त्यांनी रक्त तपासून घेतलं. मुलगा वाहक निघाला, मुलगी नाही. मामाचा चेहरा उतरला. "मंग लगन मोडलं का जी?"

"कायले मोडते? एकच जण वाहक असला त लेकराले हा आजार होत नाही. बँड सांगा."

तेव्हापासून मामाच सरांकडे जोडपी धाडू लागला. सर प्रत्येक जोडप्यासोबत जात. तिथं रक्त तपासायला लांजेवार मॅडम असत. त्या सरांना चहा द्यायच्या, सर प्यायचे. बोलणं बेताचंच.

एक दिवस मोबाईलवर बातमी आली, सिकलसेलच्या रोग्यांवर जनुक-संपादनाचे उपचार करून पाहतायत. सरांनी बारावीच्या वर्गात तासभर हातवारे करून त्या उपचारातली जनुकं कापणारी कात्री समजावली. मग स्टाफरूममध्ये येऊन पडलेल्या चेहऱ्यानं तीच बातमी पुन्हा वाचत बसले.

"काऊन जी, आनंद नाही झाला?" मी विचारलं.

"झाला ना. पण आमच्यासाठी उशिरा आली."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्यांचं नि लांजेवार मॅडमचं लग्न ठरत होतं. दोघांनी रक्त तपासलं. दोघंही वाहक. "लेकरू दुखण्यानं कळवळलं असतं, त पाहवलं नसतं जी. म्हणून थांबलो. तिनंही मंग दुसरीकडं लगन नाही केलं."

मला विज्ञानातलं फारसं कळत नाही. मी म्हणालो, "पण सर, आता या वयात लेकरांचा प्रश्न येतो कुठं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे त डोक्यातच नाही आलं," म्हणाले, आणि पुढचा तास सोडून दवाखान्याकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

सर कानापर्यंत लाल झाले. "म्हणे, मले त हे कवाचंच समजलं होतं. तुमच्या डोक्यात केव्हा येते, त्याचीच वाट पाहून राहिली होती."