खारी, वळू आणि एक बूट

"धावायचं नाही, उचलायचं नाही आणि चिडायचं तर मुळीच नाही," लोरीनने नवऱ्याला, व्हर्लनला, पुन्हा एकदा बजावलं. मग तिने मोर्चा त्याच्या मित्राकडे, ग्लेंडनकडे वळवला. "आणि तू! याला धडधाकट परत आण म्हणजे झालं."

हिवाळ्यात व्हर्लनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर तो आज पहिल्यांदाच बंदूक घेऊन बाहेर पडत होता. शेजारच्या आर्वाबाईंच्या कुरणाची जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारींनी पार चाळण केली होती. परवा त्यांच्या घोडीचा पाय बिळात अडकून मोडता मोडता वाचला, तेव्हा त्यांनी दोघांना निरोप धाडला, 'या आणि एकदाचा निकाल लावा.'

कुरणात घोंगडी अंथरून, कॉफी आणि सँडविचेस काढून दोघे पालथे पडले. व्हर्लनने नेम धरला, श्वास रोखला आणि गोळी झाडली. खार होती तिथेच उभी राहिली आणि मान वळवून त्याच्याकडे बघू लागली.

"वारा होता," व्हर्लन म्हणाला.

"गवताचं पातं हलत नाहीये!"

"वरच्या बाजूला होता."

जागा बदलायला म्हणून तो उठला आणि चार पावलांवर त्याचा पाय गुडघ्यापर्यंत बिळात गेला. ग्लेंडनने काखेत हात घालून त्याला ओढलं. पाय सुखरूप बाहेर आला, बूट मात्र आतच राहिला.

"हलू नकोस, गाडी इथेच आणतो," म्हणत ग्लेंडनने बंदुका रिकाम्या करून पिकअपमध्ये टाकल्या आणि गाडी जवळ आणली. व्हर्लन आत बसतो न बसतो तोच पुढचं चाक जमिनीत धसलं. ग्लेंडन मदत आणायला चालत निघाला, तर टेकाडावरून आर्वाबाईंचा काळा वळू येत होता. ग्लेंडन ज्या वेगाने गेला होता, त्याच्या दुप्पट वेगाने गाडीत परत आला.

वळूने गाडीला सावकाश प्रदक्षिणा घातली आणि बॉनेटला अंग घासत तिथेच ठाण मांडलं. तेवढ्यात बिळाबिळांतून खारी बाहेर आल्या आणि घोंगडीवर पंगत बसली.

"माझं हॅमचं सँडविच!" ग्लेंडन कळवळला. "आणि गोळी घालावी तर हा वळू मध्ये!"

व्हर्लन हसायला लागला. हसता हसता त्याने छातीवर हात ठेवला, तसा ग्लेंडनचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे घाबरू नकोस, हसलं की टाक्यांची जागा ओढते." व्हर्लनने काचेबाहेर नजर वळवली. "दवाखान्यात रोज येऊन तू तुझ्या गुडघ्याचं रडगाणं गायचास ना? माझे डोळे मिटलेले असायचे, पण कान उघडे होते."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो असतो तर तू रडगाणं थांबवलं असतंस. या माणसाचा गुडघा बरा होतो की नाही, एवढं कळेपर्यंत तरी जगायचं, असं मी ठरवलं होतं. उपकार झाले तुझे."

"अजून दुखतोच," ग्लेंडन म्हणाला आणि उगाचच काच पुसू लागला.

ऊन कलायला लागल्यावर आर्वाबाई ट्रॅक्टर घेऊन आल्या. वळूच्या पाठीवर एक चापटी मारून त्यांनी त्याला बाजूला केलं, साखळी लावली आणि गाडी बाहेर ओढली.

"किती मारल्या?"

"एकही नाही," व्हर्लन ओशाळून म्हणाला. "उलट जेवू घातल्या. पण तुम्हाला कळलं कसं?"

"कळायचंय काय? माझी स्वयंपाकघराची खिडकी इकडेच आहे. सकाळपासून बघतेय."

"सकाळपासून?" ग्लेंडन ओरडला. "मग आधी का नाही आलात?"

"आले असते तर संपलं असतं ना! हे गेल्यापासून त्या खिडकीत बसून मी कधी हसले नव्हते." त्यांनी ट्रॅक्टरच्या सीटखालून रुबार्बची, आंबटगोड सारण भरलेली पाई काढून व्हर्लनच्या हातात ठेवली, तीही अजून गरम. "पुढच्या शनिवारी या. जरा उशिरा या, म्हणजे माझी सकाळची कामं बुडायची नाहीत."

व्हर्लनने टोपी काढली. एका पायात बूट नसतानाही त्यांना गाडीत बसल्या बसल्या वाकून असा काही नमस्कार केला, की ट्रॅक्टर सुरू करायचं सोडून त्या पुन्हा हसत बसल्या.