विमानाच्या आधी सासूबाई

कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, मध्ये किती किलोमीटर आणि विमानाला किती वेळ, हे तो तोंडपाठ सांगायचा. विमानाची तिकिटं काढून देण्याची नोकरी. कचेरीत त्याला 'वेळापत्रक' म्हणत आणि गडी त्यावर खूश असे. त्या खुशीनेच घात केला.

बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाळ पाच महिन्यांचं झालं तरी सासूबाई दोघांना पाठवायला तयार नव्हत्या. तुमच्याकडे बाळासाठी ठेवलेल्या त्या खोलीत ओल आहे, मी स्वतः येऊन बघेन, मगच काय ते, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. आज त्या येणार होत्या. गळका नळ बदलून ओल कधीच थांबली होती, राहिला होता फक्त रंग. शहाण्या माणसाने तो गेल्या आठवड्यात दिला असता. पण वेळापत्रकाचा हिशेब पक्का: अंतर नऊशे किलोमीटर, विमानाला दोन तास, पुढे टॅक्सीला एक. त्या विमानात बसल्या की ब्रश उचलायचा.

"बसले हो विमानात," सासूबाईंचा फोन आला. त्याने डबा उघडला. चार हात मारले असतील नसतील, तोच बेल वाजली.

दारात सासूबाई.

त्याने ब्रश पाठीमागे लपवला. सासूबाई मात्र सरळ आत आल्या. हातात सामान नव्हतं, पायात चपला नव्हत्या आणि चालताना बांगड्यांचा आवाजही येत नव्हता. बाळाच्या खोलीत जाऊन त्या थेट ओल्या रंगाच्या भिंतीला टेकल्या. बिचारा ओरडणार होता, पण त्या बाजूला झाल्या तेव्हा साडीवर रंगाचा ठिपका नव्हता आणि भिंतीवर साधा ठसा नव्हता. मग त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. त्याने चहा करून आणून ठेवला. त्या पुन्हा पुन्हा कप तोंडाला लावत होत्या, तरी चहा काठोकाठच राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. नाव बघून तो खोलीबाहेर आला. सासूबाईंचाच होता.

"जावईबापू, विमान अजून हललंच नाही. आता रद्द झालं म्हणतात. बसल्या बसल्या माझा जरा डोळा लागला होता."

"आई... तुम्ही नक्की कुठे आहात?"

"विमानतळावर, दुसरीकडे कुठे? पण तुमची खोली बघून झाली. ओल गेलीय, रंगही छान निवडलाय. पोरीला आणि बाळाला उद्या पाठवते."

पाच महिने वाट पाहिली होती. भीतीबीती क्षणभर विसरून तो आभार मानायला लागला. सासूबाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"आभार राहू देत. आधी आत डोकावून बघा, मी गेले का तिथून?"

त्याने डोकावून पाहिलं. खुर्चीतल्या सासूबाईंनी पाय वर घेतले होते आणि त्या खोलीभर नजर फिरवत होत्या.

"नाही," तो कसाबसा म्हणाला. "बसल्यात."

"मग असू देत. घरात लहान बाळ येतंय, कुणीतरी मोठं माणूस हवंच."