बॉनेटवरचा चरा

नवी गाडी घेणं सोपं असतं. ती नवीच्या नवी ठेवणं ज्याला जमतं तो खरा गाडीवाला, आणि आमच्या अख्ख्या इमारतीत असा माणूस मी एकटाच आहे, असं मी त्या रविवारी सकाळी चहा पिता पिता बायकोला सांगितलं.

"गाडी माझी आहे," ती म्हणाली.

"तुझीच आहे गं. मी फक्त ती धुवायची कशी ते सांगतोय."

गाडी खरोखरच तिची होती. बढती मिळाल्यावर तिने स्वतःच्या हिमतीवर घेतलेली, तिच्या नावावरची, तिनेच निवडलेल्या गडद निळ्या रंगाची. चाळिशी उलटल्यावर ती ड्रायव्हिंग शिकली, पहिल्याच खेपेला परीक्षा पास झाली, आणि तेव्हापासून तिच्या मोठ्या भावाला, म्हणजे दादाला, विनोदाला विषय मिळाला. "गाडी घेतलीस ते बरं केलंस, आता ड्रायव्हर कधी ठेवतेस?" हा विनोद तो दर फोनला करायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा.

त्या दिवशी दुपारी दादाकडे जेवायला जायचं होतं. गाडी ती चालवणार होती. माझ्या सासूबाई दादाकडेच असतात. जेवणं झाली की आईला शेजारी बसवून लांबवर चक्कर मारून आणायची, असं तिने त्यांना कबूल केलं होतं. सासूबाई म्हणे सकाळपासूनच तयार होऊन खिडकीत बसल्या होत्या.

खरं तर गाडी येऊन बरेच दिवस झाले होते, पण बायकोच्या हातात ती अजून अशी आलीच नव्हती. तिला न्यायची असायची तेव्हा नेमके मी मॅट धुऊन वाळत घातलेले असायचे, नाहीतर काचा पुसायला काढलेल्या असायच्या. एकदा तर बाहेर धूळ उडत होती म्हणून मी तिला बसने कामावर पाठवलं. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला पटलेलं असतं, असा माझा त्या काळी समज होता.

आता तुम्ही म्हणाल, गाडी धुण्यात एवढं काय? बादली घेतली, फडकं मारलं, झालं. हेच चुकतं तुमचं! बादल्या दोन लागतात. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं गाडीवरून फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळखळून घ्यायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं, नाहीतर फडक्यात अडकलेली वाळू परत गाडीवरच घासली जाते. भांड्यांचा साबण अजिबात चालत नाही. सुरुवात टपापासून करायची, चाकांचं फडकं वेगळं ठेवायचं, काम सावलीत करायचं. पुसायचं म्हणजे घासायचं नाही, टिपायचं. आणि शेवटी मेणाचा हात. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो. जेवताना बघायचो, झोपताना बघायचो, बायको काही महत्त्वाचं सांगत असली की हमखास बघायचो.

तर त्या दिवशी मी पुस्तकात छापावी अशी गाडी धुतली. इमारतीच्या भिंतीलगत आमची जागा आहे, तिथे सकाळी छान सावली असते. धुतली, टिपली, बॉनेटला मेण लावलं, मऊ कापडाने पुसलं. निळा रंग असा झळकायला लागला की मला माझ्या नाकातले केस दिसले. समाधानाने दोन पावलं मागे सरलो, आणि मला ती दिसली. बॉनेटवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली बारीक काळी रेघ.

चरा!

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला कदाचित दिसलीही नसती. पण मी कापडाच्या कारखान्यात माल तपासायला आहे. दिव्यांच्या टेबलावरून कापड सरकत जातं, त्यात कुठे धागा तुटलेला असला, कुठे रेघ आलेली असली, की माझा हात आपोआप वर जातो आणि मशीन थांबतं. आत्ताही हात वर गेला. पण थांबवायला मशीन नव्हतं. धुण्याआधी ही रेघ नव्हती, धुतल्यावर होती. म्हणजे ती कोणी पाडली हे उघड होतं. बायकोच्या गाडीला, तिने ती धड चालवण्याआधीच, मी चरा पाडला होता.

तेवढ्यात अनुभवी आले. हे तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव असा" इथून सुरू होतं, म्हणून सगळी इमारत त्यांना अनुभवी म्हणते. त्यांच्याकडे गाडी नाही. कधीच नव्हती.

"अरे अरे," ते बॉनेटवर वाकून म्हणाले. "केवढा मोठा चरा!"

"हळू बोला हो. वर ऐकू जाईल."

"नख फिरवून बघा. नखाला लागतो का?"

मी नख फिरवलं. काहीच लागलं नाही.

"मग संपलं," अनुभवी म्हणाले. "माझा अनुभव असा, की वरवरचा असता तर लागला असता. हा आत गेलाय."

मी घाबरून दुसऱ्या बाजूने वाकलो, तर रेघ किंचित सरकल्यासारखी वाटली. अनुभवीही वाकले. त्यांनाही वाटलं.

"पसरतोय," ते म्हणाले.

एवढ्यात वरच्या खिडकीतून बायकोने विचारलं, "झालं का हो? मी आवरायला घेऊ?"

मी हातातला टॉवेल बॉनेटवर अंथरला. "मेण वाळतंय! खाली येऊ नकोस. श्वासानेसुद्धा डाग पडतो."

"श्वासाने?"

"वाफ असते ना त्यात."

ती खिडकीतून आत गेली. मला स्वतःचा राग आला, पण रागवायला सवड नव्हती. अनुभवींना घेऊन मी कोपऱ्यावरच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात धावलो. नको म्हटलं तरी ते आलेच.

"चरा काढायची पेस्ट द्या," मी दुकानदाराला म्हणालो.

"नखाला लागतो?"

"नाही."

"मग चरा नसेल."

"अहो, दिसतोय ना!"

"मग गाडी इथे आणा, बघतो."

"गाडी आणता आली असती तर मी चालत आलो असतो का?"

दुकानदाराने खांदे उडवले आणि बारीक पेस्टची डबी पुढे ठेवली. अनुभवींनी मात्र मागच्या फळीवरचा मोठा डबा उचलला.

"ते घेऊ नका," दुकानदार म्हणाला. "ते ट्रकवाले वापरतात. पार जुनाट रंगासाठी आहे."

"ट्रकला चालतं म्हणजे दणकट असणार," अनुभवी म्हणाले, आणि इतक्या विश्वासाने म्हणाले की मी दोन्ही घेतले.

परत येऊन आधी बारीक पेस्ट लावली. लावल्या लावल्या चरा गायब! सगळं बॉनेट पांढुरकं झालं होतं आणि रेघेचा मागमूस नव्हता. अनुभवींनी माझी पाठ थोपटली. मग मी पेस्ट पुसली, बॉनेट आधीपेक्षा दुप्पट चकाकलं, आणि चरा आधीपेक्षा दुप्पट ठळक झाला. पुन्हा लावली, पुन्हा पुसली. जितकं घासावं तितका तो वर येत होता. कारखान्यात मी हजार प्रकारचे दोष पाहिले आहेत, पण सेवा केल्यावर असा बाळसं धरणारा दोष पहिल्यांदाच बघत होतो.

"ट्रकचं काढा," अनुभवी म्हणाले.

मी ट्रकचं काढलं. व्हिडिओत सांगितलेलं सगळं विसरलो. टिपायचं, घासायचं नाही, वगैरे सगळं. बायको आवरून खाली यायच्या आत मला तो चरा नाहीसा करायचा होता, बस्स. मध्यभागी पेस्ट थापली आणि खांदे भरून येईपर्यंत घासत राहिलो. पुसलं. आणि काय सांगू! जिथे घासलं होतं तिथे रेघ नव्हती. खरोखर नव्हती. उजवीकडे होती, डावीकडे होती, मध्ये तुटली होती.

"बघा," अनुभवी म्हणाले. "माझा अनुभव."

मी उत्साहाने दोन्ही बाजूंना सरकत घासायला लागलो. रेघ माझ्यापुढे मागे हटत होती. त्या जागची चमकही थोडी गेल्यासारखी वाटत होती, पण नंतर मेण लावू, असं मी मनाला बजावलं.

वर फोन वाजला आणि बायकोचं बोलणं खिडकीतून ऐकू आलं. "हो दादा, निघतोच आहोत... नाही, मीच चालवणार... काय? रस्ता मोकळा करून ठेवलास? किती हसशील रे." मग वेगळ्या आवाजात, "आईला सांग, येतेय मी."

आणि ती खाली आली. छान तयार झालेली, हातात किल्ली. मी पटकन टॉवेल अंथरला आणि बॉनेटसमोर हात पसरून उभा राहिलो.

"चला," ती म्हणाली.

"आज बसने गेलो तर? मेण अजून ओलं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडली असती तर मी निभावून नेलं असतं. तिचे डोळे भरून आले होते.

"एकदाच खरं सांगा," ती म्हणाली. "मी गाडी ठोकीन असं वाटतंय ना तुम्हाला? म्हणून रोज काही ना काही काढता. मॅट काय, धूळ काय, आता मेण. दादा निदान तोंडावर तरी हसतो."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतके दिवस मी गाडी जपत होतो आणि ती त्याचा हा अर्थ लावत होती. आणि अर्थ काही अगदीच चुकीचा नव्हता, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, ते आणखी वाईट.

"तसं नाही गं," मी म्हणालो. "चरा पडलाय. धुताना माझ्याच हातून पडलाय. तू बघायच्या आत काढत होतो."

मी टॉवेल उचलला. तिने डोळे पुसले आणि वाकून पाहिलं. मध्ये ताटाएवढा मोठा मळकट डाग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शिल्लक राहिलेली काळी रेघ.

"ही रेघ?"

"हीच. काही केल्या जात नाही."

ती बघत होती. मीही बघत होतो, अनुभवीही बघत होते. आमच्या तिघांच्या देखत त्या चऱ्यावर एक पाखरू येऊन बसलं. उलटं. पाय वर, डोकं खाली. दोनदा डोलून त्याने पंख साफ केले.

तिघांनी सावकाश माना वर केल्या. इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या खांबापर्यंत इंटरनेटची काळी केबल गेली होती, आणि तिच्यावर ते पाखरू मजेत झोके घेत होतं.

मी खाली पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. सकाळपासून मी बॉनेट चकाकवत होतो आणि त्यात केबल अधिकाधिक स्वच्छ दिसत होती. जिथे मी ट्रकच्या पेस्टने रंगाची चकाकीच खरवडून काढली, तिथे तेवढी ती दिसेनाशी झाली होती. इतकी वर्षं माल तपासतोय मी! कारखान्यात कोणाला कळलं असतं तर मला टेबलासकट बाहेर काढलं असतं.

"माझा अनुभव असा," अनुभवी म्हणाले, "की या वेळेला मला घरी बोलावतात." आणि गेले.

बायकोने त्या डागावरून हात फिरवला. गाडीला तिने असा मोकळेपणाने हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"म्हणजे चरा नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता."

"हे मात्र आहे."

"आहे," मी म्हणालो. "मेणाने जाणार नाही. रंगवूनच घ्यावं लागेल. तू म्हणशील ते ऐकून घेतो."

"म्हणजे गाडीला पहिला डाग पाडला तो तुम्ही."

"मी."

"मी नाही."

"नाही बाई, तू कशाला?"

ती चक्क हसायला लागली. "गाडी आल्यापासून रोज धाकधूक होती मला," ती म्हणाली. "पहिला ओरखडा माझ्याच हातून पडणार आणि मग तुम्ही दोघं जन्मभर मला ऐकवणार. सुटले. बसा गाडीत."

मी बसलो. ओल्या बाह्यांसकट, पेस्टने बरबटलेल्या हातांसकट नव्या सीटवर बसलो, आणि मॅट कुठे आहेत हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. गाडी जागची हलली तसा उरलेला चरा बॉनेटवरून घरंगळून गेला.

आणि काय चालवली तिने! मधल्या एका चौकात ट्रक अंगावर आला तरी तिने नुसता हॉर्न दिला. दादा फाटकातच उभा होता. त्याची नजर आधी बॉनेटवर गेली आणि चेहरा असा खुलला, की विनोद ओठांवर आलाय हे लांबूनच कळत होतं.

"निघताच ठोकलीस?"

"मी नाही," गाडीतून उतरत बायको म्हणाली. "ह्यांनी केलंय. धुताना."

दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तो माझ्याजवळ आला आणि आजवर कधी न ऐकलेल्या हळू आवाजात त्याने विचारलं, "धुताना?"

मी मान डोलावली. त्याने जेवताना ड्रायव्हरचा विषय काढला नाही.

जेवणं झाल्यावर सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, बायकोने गाडी काढली, आणि दादा आणि मी फाटकात उभे राहिलो. बऱ्याच वेळाने दोघी परत आल्या. सासूबाईंचे केस वाऱ्याने विस्कटले होते आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. "अजून एक चक्कर," त्या म्हणत होत्या, "आता या दोघांनाही घे." गाडी आत वळवताना फाटकाच्या खांबाला आरसा घासला. चांगला करकरून घासला. आरशावर पांढरा ओरखडा उमटला, आणि या वेळी वर केबल नव्हती.

मी तोंड उघडलं. माझ्या शेजारी दादानेही उघडलं. बायकोने काच खाली केली आणि फक्त बॉनेटकडे बघितलं. आम्ही दोघांनी तोंडं मिटली, मागचं दार उघडलं आणि गुपचूप शेजारी शेजारी बसलो.