शोधणारे वगळून

सत्त्याऐंशी साली अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत रोझारिओचं लग्न कॉम्प्युटरपाशी अडलं. यात कॉम्प्युटरचा काडीचाही दोष नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवतो.

मशीन बंद करण्यापूर्वी त्यावर 'पगार' नावाचं काम चालू नाही, याची ऑपरेटरने खात्री करायची, असा नियम होता. एकदा ते काम अर्धवट असतानाच मशीन बंद झालं आणि मॅनेजर सहदेव नाईकसाहेबांच्या पाकिटात शिपायाचा पगार आला. तेव्हापासून साहेब या बाबतीत फार हळवे झाले होते. चालू कामांच्या यादीत 'पगार' शोधलं, की 'पगारवाढ' हे कामही सापडे, कारण ते वर्षानुवर्षं चालूच असे. म्हणून साहेबांनी हुकूम काढला, की यापुढे नेमका 'पगार' एवढाच शब्द शोधावा.

शनिवारी दुपारी ऑपरेटर रोझारिओने नेमका शब्द शोधला. एक काम सापडलं.

"बंद कर त्याला," साहेब म्हणाले.

रोझारिओने यादीतला त्या कामाचा नंबर देऊन बंदचा हुकूम सोडला. मशीनने कळवलं, असं कोणतंही काम नाही. पुन्हा शोधलं, तर पुन्हा हजर, तेही नव्या नंबराने.

"नाव तेच नि नंबर नवा! चांगलाच मुरलेला दिसतोय."

"सायेब, हितं जवळच आंबोलीच्या चर्चमध्ये पाहुणे जमलेत ओ. आज माझं लगीन हाय. जाऊ मी?"

"पगार चालू असताना? अरे, लग्न करून खाशील काय?"

साहेबांनी हिशेब खात्यातून सुलक्षणा आणि राजाराम यांना बोलावलं. तिघांनी तीन टर्मिनलवरून एकदमच शोधलं. तीन सापडले.

"बघा! टोळी आहे टोळी!" साहेब जवळजवळ खूश झाले आणि आणखी शोधायला वरच्या मजल्यावरची माणसं मागवायला निघाले.

इतक्यात नवरी आली. पांढरा गाऊन, डोक्यावर जाळी, आणि पाय अनवाणी, कारण एसी खोलीच्या दाराशी चपला काढायचा नियम होता.

"काय रे, फादर घड्याळ बघतायत! तू हितं काय करतोस?" मोनिका कडाडली. रोझारिओने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. तिने पडद्यावरच्या ओळी वाचल्या. प्रत्येक ओळीत 'पगार'च्या आधी शोधायचा हुकूमही छापलेला होता.

"अरे बाबांनो, हे तुमचंच शोधणं आहे! तेपण कामच ना? तिघं शोधताय, तिघं सापडताय."



"म्हणजे गुन्हेगार आम्ही?" साहेबांचा चेहरा पडला.

"तसं नाही ओ सायेब. शोधणाऱ्यांना सोडून मोजा ना."

"शोधणाऱ्यांना सोडून! मग आधी नाही का सांगायचं, बाई? ही तर आपली जुनीच पद्धत!"

साहेबांनी झोकात शेरा मारला: 'शोध घेणारे वगळता कोणीही आढळले नाही.' रोझारिओ धावत सुटला, तो घाईत साहेबांचेच बूट घालून. लग्न झकास झालं.

हा शेरा पुढे कंपनीत सगळीकडे चालू झाला. कँटीनमधली साखर कुठे जाते, संडासातले नळ कोण उघडे ठेवतं, सगळ्या चौकशा एका ओळीत आटोपू लागल्या.

आता हसताय खरे. पण तुमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा पंप चालू राहून टाकी वाहिली होती, तेव्हा 'कोणी केलं हे?' म्हणत तुम्हीच तावातावाने सगळ्यांच्या बेल वाजवत फिरलात ना? तुमच्याच दाराची तेवढी राहिली.