प्रवाळाची हरकत आली नाही

मे महिना लागता लागता मालवणच्या समुद्राचं पाणी तापलं आणि पाण्याखालच्या एका खडपावरचं, म्हणजे खडकावरचं, प्रवाळ पांढरं पडू लागलं, ही बाब क्लेटन फर्नांडिस यांनी अर्जाद्वारे आमच्या कार्यालयाच्या निदर्शनास आणली. आमचं कार्यालय म्हणजे सागरी हस्तक्षेप नीती कक्ष. मी तिथला कारकून. समुद्रात माणसाने कशात हात घालावा आणि कशात घालू नये, हे आम्ही ठरवतो. पोहता आमच्यापैकी कोणालाच येत नाही.

क्लेटन पर्यटकांना पाण्याखालचं जग दाखवायला होडीतून नेतो. त्यातलं एक सुपाएवढं, अजून जांभळं असलेलं प्रवाळ त्याला नवव्या वर्षी त्याच्या पप्पांनी, रिचर्डनी, दाखवलं होतं. पप्पा गेले, प्रवाळ राहिलं. त्याची मागणी साधी होती. कट्टा गावच्या लवूकाकांकडे काजूच्या कलमांवर बांधायची हिरवी जाळी आहे, ती महिनाभर प्रवाळावर ताणून बांधू द्यावी. लवूकाका जाळी खांद्यावर घेऊन स्वतःच आले होते.

"कलमांका होयी तशी तेकाय सावली होयीच," ते म्हणाले.

कक्षप्रमुख रसिका मॅडमनी चष्मा काढला. "काजूचं कलम ही वनस्पती. तिला न विचारता सावली देता येते. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या संमतीशिवाय त्याचं भलं करणं नीतीला धरून नाही."

"मॅडम, दर्या तापवताना तेका कोणी विचारलेला?" क्लेटन ऑफिसातली मराठी विसरला.

"ते कोणी मुद्दाम केलेलं नाही. आपोआप झालेल्या गोष्टीला परवानगी लागत नाही. तुम्ही मात्र मुद्दाम वाचवायला निघाला आहात."

हे मला पटलं नाही. तरी मी ते टिपणीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

प्रवाळाने सही करावी असं म्हणण्याइतका आमचा कक्ष अडाणी नाही. हरकत नसेल तर त्याने गप्प राहावं, एवढीच अपेक्षा. त्यासाठी पंधरा दिवसांची जाहीर सूचना जागेवर लावणं आवश्यक होतं. पर्यटक पाण्यावर पालथे तरंगतात, म्हणजे फलक आभाळाकडे तोंड करून आडवा हवा. प्रवाळ खाली असतं, म्हणजे मजकूर खालच्या बाजूलाही हवा. अखेर सहा फूट बाय चार फुटांचा, दोन्हीकडून छापलेला पत्रा चार लोखंडी पायांवर, प्रवाळाच्या बरोबर डोक्यावर, टेबलासारखा बसवला. बसवायला क्लेटनलाच पाण्यात उतरावं लागलं. इतर इच्छुकांसाठी त्याच्याच होडीवर हरकत-नोंदवही ठेवली.

सोळाव्या दिवशी पाहणी झाली. मॅडम आणि मी होडीत बसलो, क्लेटन खाली गेला. वर आला तो ओरडतच.

"जित्ता आसा! मॅडम, आजूबाजूचा सगळा पांढरा झाला, पण पत्र्याखालचा जित्ता आसा! जांभळाच आसा!"

मला इतका आनंद झाला की मी तिथूनच लवूकाकांना फोन लावला. मॅडमचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे फलकाने सावली दिली," त्या म्हणाल्या. "परवानगी नसताना. आणि तीही आपल्याच कार्यालयाच्या फलकाने."

मग होडीतच नोंदवही उघडली. प्रवाळाची एकही हरकत नव्हती. माणसांच्या दोनशे चौदा होत्या आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: फोटोत पत्रा येतो.

"आधी जाळी बांधूक द्या, मगे काढा पत्रो," क्लेटनने हात जोडले.

"जाळीचा आदेश वरून सही होऊन यायचा आहे. बेकायदा सावली एक दिवसही ठेवता येणार नाही."

पत्रा त्याच दुपारी काढला. काढायलाही क्लेटनलाच उतरवलं. मला फार वाईट वाटलं आणि मी अहवालात तसं लिहिलं. मॅडमनी ते वाक्य खोडून 'काम समाधानकारक' असं लिहिलं.

आदेश पत्रा काढल्यापासून नवव्या दिवशी आला. प्रवाळाची हरकत न आल्याने जाळी बांधण्यास परवानगी. अट एकच, प्रवाळ जिवंत असावं. क्लेटनने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि जाळी कट्ट्याला लवूकाकांकडे नेऊन दिली.

"तेका आता नको," एवढंच म्हणाला.

फाइल बंद करताना मी नोंदवही पुन्हा चाळली. प्रिय वाचक, एकशे अठराव्या क्रमांकावर आपली सही आहे. केसांतलं पाणी गळून शाई पसरली आहे, पण नाव वाचता येतं. पत्रा काढल्यावर आठवड्याभरात आपण पुन्हा आलात, तो फोटोही मी पाहिला. क्लेटनच्या, आता पांढऱ्याशुभ्र पडलेल्या प्रवाळाला एका हाताने घट्ट धरून आपण अंगठा दाखवत आहात. खाली आपणच लिहिलं आहे, 'निसर्गाला आहे तसं राहू द्या.' चारशे जणांनी त्याला लाइक केलं आहे. त्यातला एक मी आहे.