कारभारी पडद्यामागे टाकिला त्याची हकीकत

श्रीशारदेस दंडवत. जे राखितात त्यांचे कल्याण असो, जे मोडितात त्यांस सद्बुद्धी होवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्याचे राजधानीत जो प्रकार जाहला तो जैसा जाहला तैसा येथे लिहिला असे. राज्याचे नाव घालीत नाही. कोणास आपलेच वाटले तर वाटो. संवत्सराचे नाव क्रोधी, आणि कुमुदिनीबाई गुप्ते यांचेपुरते ते अक्षरशः खरे ठरले.

पूर्वी त्या राज्यात एक थोर गणकयंत्र होते. यंत्र ऐसे की एक दालन भरोन उरावे, त्यास थंड हवा सोडावी, जोडे बाहेर काढोन आत जावे, आणि भोवऱ्यासारख्या फिती गरगर फिरताना पाहोन लोकांनी थक्क व्हावे. परंतु यंत्र म्हणजे नुसते लोखंड आणि तारा. कोणते काम आधी घ्यावे, कोणते मागाहून, कोणती फीत चढवावी, छपाई केव्हा सोडावी, हा बंदोबस्त पाहावयास यंत्राचे पोटात एक प्रोग्राम लागतो, त्यासच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. इतर राज्ये ती विलायतेहून आणीत. या राज्यातील विद्यापीठाचे काही तरणे लोक मात्र बोलिले की आम्हीच लिहितो, आणि वडील मंडळी हसली, आणि त्यांनी खरोखर लिहिली, आणि तिचे नाव ‘कारभारी’ ऐसे ठेविले. त्या मंडळीत कुमुदिनीबाई एकट्याच स्त्री, वय चोविशीचे, आणि त्यांजकडे रांगेचे काम आले. म्हणजे शेकडो लोकांची कामे यंत्राचे दारी आली असता कोणास केव्हा आत सोडावे हे ठरविणे. बाईंनी ऐसा नेम बांधिला की लहान कामास थोडी सवलत असावी, फार ताटकळलेल्यास आपोआप पुढे सरकवावे, आणि हुद्द्याकरिता म्हणोन कोणास निराळा दरवाजा नसावा. विद्यापीठाचे मुख्याधिकारी एकदा येवोन म्हणाले, “माझं काम तेवढं पहिलं घेत जा.” बाई म्हणाल्या, “मग बाकीच्यांना ते तुम्हीच सांगा.” ते सांगावयास गेले नाहीत. नेम तैसाच राहिला, आणि पुढे कित्येक वर्षे परीक्षांचे निकाल, नद्यांच्या पुराची मापे, इस्पितळांचे हिशेब, सर्व कारभाऱ्याने चालविले.

मग नवी लहान यंत्रे आली आणि हुकूम सुटला की जुने यंत्र भंगारात द्यावे. भंगारवाल्याने लोखंड नेले, तांबे नेले, फिती, ज्यांवर कारभारी आणि त्याचे सर्व हिशेब उतरविलेले, त्या मात्र त्यासही नकोत. त्या यंत्राची देखभाल इब्राहीमभाई मुजावर नामे इंजिनिअर करीत असत. त्यांनी वरिष्ठांस विचारिले की या फितींचे काय करू, तेव्हा उत्तर आले, “टाकून द्या, नाहीतर घरी न्या.” इब्राहीमभाईंनी त्या घरी नेल्या आणि गोधड्यांच्या कपाटात ठेविल्या, आणि त्यांचे बेगमेने दर ईदेस घर आवरताना त्याविषयी बोलावे आणि यांनी निमूट ऐकावे, ऐसा क्रम पडला.

उभयता निवृत्त जाहल्यावर एके दिवशी इब्राहीमभाई बाईंचे घरी आले आणि म्हणाले, “बाई, एम्युलेटर लिहितो म्हणतो.” एम्युलेटर म्हणजे सोंग घेणारा प्रोग्राम. आजचे लहानशा लॅपटॉपाने त्या जुन्या यंत्राचे सोंग ऐसे हुबेहूब घ्यावे की आत ठेविलेल्या कारभाऱ्यास आपण परक्या घरी आहो ही शंकाही न यावी. यंत्र कोणत्या हुकुमास कसे वागत असे, कोठे अडखळत असे, हे इब्राहीमभाईंस मुखोद्गत. फिती जुन्या होवोन चिकटल्या होत्या, त्या भाज्या सुकविण्याचे विजेचे पेटीत मंद उष्णतेवर ठेवोन, मोठ्या जपणुकीने एकेक वाचोन काढिली. तीन मात्र फार खराब, त्या अधिक चांगले साधन मिळेतो राखोन ठेविल्या. वरील चिठ्ठ्यांप्रमाणे त्या तिहींत नद्यांच्या पाण्याची जुनी मापे होती, दुसरी प्रत कोठेही नाही.

ऐसे करिता दोन वर्षे गेली, आणि एके सकाळी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली की कारभारी तयार आहे, तारीख द्या. बाई तारीख लिहू लागल्या तो इब्राहीमभाईंनी हात आडवा केला.

“आजचं साल देऊ नका. त्याला सालाचे दोनच आकडे कळतात, आपण शंभर वर्षं मागे आहोत असं समजेल आणि गोंधळेल. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं द्या. तारखा-वार बरोबर जुळतात.”

“म्हणजे जागा झाल्या झाल्या त्याला खोटं सांगायचं?”

“वार तरी खरा राहतो, बाई.”

बाईंनी तैसे लिहिले, आणि कारभाऱ्याने ते मानिले, आणि पहिले काम मागितले. बाईंनी चष्मा काढिला, पदराने पुसला, आणि पुन्हा घातला.

ही वार्ता राज्याचे वारसा खात्याचे कानी गेली. खात्याचे संचालक अमोघराव सामंत, गोड बोलणारे, कपडे नीटनेटके, भेटेल त्यास दोन्ही हात जोडणारे. ते स्वतः आले आणि म्हणाले की राज्याचे नवे संग्रहालयात कारभारी मांडू, प्रधानजींचे हस्ते उद्घाटन करू, शाळांची मुले येतील, आपली कामे त्यास देतील, तो करोन दाखवील. बाईंस आनंद जाहला. आजवर राज्याने मोडले, आता राज्यच मांडते आहे, ऐसे वाटोन त्यांनी लॅपटॉप दिला, चार कळफलक जोडोन दिले, आणि इब्राहीमभाईंसह रोज संग्रहालयात जाऊ लागल्या.

मग रंगीत तालीम जाहली. एका शाळेच्या मुली आल्या होत्या, त्यांनी आपापली कामे आत सोडिली, कोणी पाढे छापविले, कोणी वर्गाच्या गुणांची सरासरी काढविली. तेवढ्यात सामंतांनी प्रधानजींचे नावे स्वागताचा मजकूर छापण्याचे काम टाकिले आणि हाताची घडी घालोन उभे राहिले. पाढे छापले जात होते. सामंत घड्याळ पाहू लागले.

“हे अडकलंय का?”

“अडकलेलं नाही, रांगेत आहे,” बाई म्हणाल्या. “मुलींची कामं आधी आलीत.”

“म्हणजे त्या दिवशी प्रधानजींनी थांबायचं?”

“सगळेच थांबतात. तीनचार मिनिटं. तेवढ्यात त्यांना रांग म्हणजे काय ते मी समजावून सांगेन, लोकांनाही गंमत वाटेल.”

“बाई, गंमत वाटेल ती तुम्हाला. त्यांचं काम वर घ्यायची काही सोय करता येणार नाही?”

“करता येईल. पण ती केली की मग हा कारभारी नव्हे, त्याच्या नावाचं दुसरंच काहीतरी. ते संग्रहालयात कशाला ठेवता?”

सामंत हसले, हात जोडिले, आणि “बघू” म्हणोन गेले. मागाहून निरोप आला की सत्कार बाईंचा होईल, व्यासपीठावर खुर्ची एकच आहे, मुजावरसाहेबांनी श्रोत्यांत बसावे. बाई संतापल्या आणि म्हणाल्या की मग मीही येत नाही. इब्राहीमभाईंनी समजूत घातली, “खुर्चीचं सोडा. आत तो चालू राहणार ना, त्याच्यासाठी जा. मी खाली बसतो.” त्यांच्या शब्दाखातर बाई गेल्या, आणि जाताना उत्तम इरकल नेसोन गेल्या.

समारंभाचे दिवशी दालनात फुलांच्या कमानी, सनईची ध्वनिफीत, आणि मधोमध जुन्या यंत्राचे आकाराचे एक भव्य कपाट, आत पोकळ, बाहेर लुकलुकणारे दिवे, वर भला थोरला पडदा. प्रधानजी आले, त्यांनी कळफलकावर बोट ठेवण्यापूर्वीच पडद्यावर केशरी आणि निळी अक्षरे नाचू लागली, प्रधानजींचे नाव आले, कपाटातून धूर निघाला, वाद्ये वाजली, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई खुर्चीवर बसोन पाहत होत्या आणि प्रथम त्यांस कळेना की हे काय. कारभाऱ्यास रंग ठाऊक नाही, नाच ठाऊक नाही. मुलींना पुढे बोलाविले, मुलींनी कळा दाबिल्या, आणि पडद्यावर पुन्हा तेच नाव, तोच नाच. एक मुलगी दाबोन दाबोन थकली आणि आपलेच काही चुकले ऐसे समजोन मागे सरली. ते पाहोन बाईंचे मनात लख्ख उजेड पडला. ही चित्रफीत. इकडे इब्राहीमभाई उठोन कपाटाचे मागील पडद्याआड गेले, तो तेथे लॅपटॉप मिटोन जमिनीवर ठेविलेला, त्याची वायर काढिलेली, आणि त्या जागी धूर सोडण्याचे यंत्र जोडिलेले. ते व्यासपीठाच्या पायरीशी आले आणि हळू बोलिले, “बाई, बंद करून ठेवलाय.”

शेजारी सामंत बसले होते. बाईंनी त्यांस विचारिले, “हे का केलंत?”

“अहो, फरक कुणाला कळला?” ते हसोनच म्हणाले. “लोक खूश आहेत बघा.”

“मला कळला. आणि त्या मुलीला वाटलं की ती चुकली.”

इतक्यात सत्काराचा पुकारा जाहला. प्रधानजी शाल घेवोन उभे राहिले, तेव्हा बाईंनी शाल घेतली नाही, माइक घेतला आणि म्हणाल्या, “समोर दिसतं आहे ती चित्रफीत आहे. बटण दाबा किंवा दाबू नका, ती तशीच चालते. आम्ही ज्याला जागं केलं तो कारभारी या कपाटामागे जमिनीवर बंद करून ठेवला आहे, कारण तो प्रधानजींना तीन मिनिटं थांबा म्हणाला असता. आणि ज्यांनी त्याला जागं केलं ते इब्राहीम मुजावर खाली उभे आहेत, त्यांना खुर्ची नाही. मुलींनो, तुमचं काही चुकलेलं नाही.”

मग प्रधानजी मोठ्याने हसले आणि म्हणाले, “बाई अगदी मनापासून बोलतात, आवडलं आपल्याला,” आणि टाळी वाजविली, आणि मग अवघ्या सभेने टाळ्या वाजविल्या. लटक्या चित्रफितीस जितक्या वाजविल्या तितक्याच. शिव्या दिल्या असत्या, बाहेर काढिले असते, तर ते बाईंनी सोसले असते. खऱ्यासही तीच टाळी आणि खोट्यासही तीच, हे त्यांचे वर्मी लागले. त्या खाली उतरल्या, पडद्याआडून लॅपटॉप उचलिला, इब्राहीमभाईंस म्हणाल्या, “चला,” आणि उभयता जेवणाचे पंक्तीसमोरून निघोन गेली.

उपरांत खात्याचा हुकूम आला की मूळ फिती राज्याच्या मालकीच्या असोन त्या सत्वर जमा कराव्या, आणि कारभारी कोठेही दाखवू नये. ज्या राज्याने टाकोन द्या म्हटले त्याच राज्यास तेहतीस वर्षांनी मालकी आठवली! इब्राहीमभाई म्हणाले की फिती देऊन टाकू, भांडण नको. बाई म्हणाल्या, “फिती देऊ. पण त्यावर जे लिहिलं ते आम्ही लिहिलं, ते कपाटात कोंडायचं नाही.” मग त्यांनी कारभाऱ्याची प्रत, एम्युलेटर, आणि तो कसा चालवावा याची सोप्या मराठीतील माहिती, ऐसे सर्व इंटरनेटावर ज्याला हवे त्याला घेता यावे म्हणोन खुले केले, आणि स्वतः होवोन सामंतांस फोन लाविला.

“मी हे चोरून केलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.”

“बाई, याचे परिणाम काय होतील याची कल्पना आहे?”

“मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. काय परिणाम ते सांगा, मी ऐकते आहे.”

पलीकडून फोन ठेविला गेला.

फिती नेण्यास दोन शिपाई आले. इब्राहीमभाईंनी त्या तीन न वाचलेल्या फिती निराळ्या बांधोन हातात दिल्या आणि विनविले की या कोरड्या जागी ठेवा, यांस ओल लागली तर संपले. त्यांनी मान डोलाविली. खात्याने त्या फिती तळघरात एअरकंडिशनरच्या गळत्या नळीखाली रचोन ठेविल्या. पावसाळा सरता सरता ओळखीच्या एका कर्मचाऱ्याने कळविले की त्यांचा लगदा जाहला. नद्यांची सारी जुनी मापे, पाणी कोठवर चढले, कोणत्या गावास कधी वेढा पडला, सर्व त्यात गेले. हे ऐकोन इब्राहीमभाई गोधड्यांच्या त्या कपाटासमोर जावोन उभे राहिले, दार उघडिले, आणि रिकामा कप्पा पाहिला. बेगम त्या दिवशी त्या कपाटाविषयी काही बोलिली नाही. बाई मात्र बोलिल्या, वर्तमानपत्रांस बोलिल्या, खात्याचे दारी जावोन बोलिल्या, आणि त्यांस सांगण्यात आले की चौकशी चालू आहे.

संग्रहालयात चित्रफीत अद्याप चालते. बाई दर रविवारी तिकीट काढोन तेथे जातात, कपाटासमोर उभ्या राहतात, आणि येईल त्या माणसास सांगतात, “हे खरं नाही. खरा हवा असेल तर घरी घेऊन जाता येतो, कसा ते सांगते.” खात्याने तेथे पाटी लाविली की प्रेक्षकांनी इतर प्रेक्षकांशी प्रदर्शनाविषयी बोलू नये. बाईंनी पाटी वाचिली, आणि शेजारी उभ्या गृहस्थांस म्हणाल्या, “ही पाटी माझ्यासाठी आहे. तर काय सांगत होते मी...”

सारांश, सामंतांस बढती मिळाली, प्रधानजींचे कपाटासमोरील चित्र सरकारी दिनदर्शिकेवर छापले, आणि तीन फिती बुडाल्या त्या बुडाल्याच. कारभारी कोठकोठल्या अनोळखी घरी चालतो आहे. लोक म्हणतात की बाईंनी आता राग सोडावा. तो त्यांनी सोडिला नाही, आणि सोडावा ऐसे कारण त्या राज्याने अद्याप एकही दिले नाही. इति.